एडिंबरा फ्रिंजमधील चार दिवस : काय पाहावे, किती पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आपण आणि आपल्या पत्नी ग्लासगोला मुलीकडे जाणार आहात आणि त्यातले चार दिवस एडिंबराच्या फ्रिंज नाट्यमहोत्सवासाठी राखून ठेवले आहेत. दोघांनीही राज्य नाट्य स्पर्धेत अनेक वर्षे कामे केली आहेत, त्यामुळे नुसती गंमत म्हणून नाही, तर जाणतेपणाने पाहायचे आहे. पण कार्यक्रमांची यादी उघडल्यावर हजारो नावे समोर आली आणि निवड कशी करावी हे समजेनासे झाले. सर्व प्रकारचे थोडे थोडे पाहता येईल का, दिवसाला किती प्रयोग पाहावेत आणि तिथले इंग्रजी आपल्याला कळेल का, असे आपण विचारले आहे.

मी प्रायोगिक रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो आणि एडिंबराला आजवर सहा वेळा गेलो आहे. पहिल्यांदा एका लहान संस्थेच्या नाटकाचा तंत्रज्ञ म्हणून पूर्ण महिनाभर राहिलो होतो, पुढच्या प्रत्येक वेळी प्रेक्षक म्हणून गेलो. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, दिवसाला तीन प्रयोग आधी ठरवावेत, चौथ्यासाठी जागा मोकळी ठेवावी आणि कार्यक्रम जितक्या काळजीने निवडाल तितक्याच काळजीने त्यांचा क्रम लावावा. वाईट नाटकांमुळे महोत्सव फुकट गेला असे मी फारसे पाहिलेले नाही. चांगली नाटके भलत्या क्रमाने आणि एकावर एक रचून पाहिल्यामुळे सगळी एकमेकांत मिसळून गेली, असे मात्र पुष्कळांचे होते आणि माझेही पहिल्या दोन वर्षांत झाले.

यादीपुढे आपण गोंधळलात यात आपला काहीच दोष नाही. या महोत्सवाला निवड समितीच नाही. १९४७ मध्ये एडिंबराचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या स्वतःहून तिथे आल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी आपापले प्रयोग लावले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने त्यांच्याविषयी लिहिताना ‘फ्रिंज’ हा शब्द वापरला आणि तोच रूढ झाला. आपल्याकडे शेल्याच्या काठाला सुट्या दशा असतात तसा मुख्य महोत्सवाच्या कडेचा हा भाग, असा त्याचा अर्थ. आज त्या दशा मूळ वस्त्रापेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या आहेत. २०१९ मध्ये या महोत्सवात ३,८४१ वेगवेगळे कार्यक्रम ३२३ ठिकाणी झाले. ज्याला जागा मिळाली आणि नोंदणीचा खर्च परवडला, त्याला इथे प्रयोग करता येतो. गुणवत्तेची चाळणी कोणी लावत नाही. आपल्याकडच्या स्पर्धेत प्राथमिक फेरीतून अंतिम फेरी निघते, इथे प्राथमिक आणि अंतिम फेरी शेजारशेजारच्या खोल्यांत एकाच वेळी चालू असते. चाळण्याचे काम पूर्णपणे प्रेक्षकाकडे येते.

पहिली चाळणी म्हणून मी कार्यक्रमाचे नाव पाहत नाही, जागा पाहतो. संपूर्ण महोत्सवाला निवड समिती नसली तरी काही रंगमंदिरे आपल्यापुरती निवड करतात आणि त्यांची आवड वर्षानुवर्षे बरीचशी टिकून राहते. १९६३ मध्ये स्थापन झालेले ट्रॅव्हर्स थिएटर नव्या नाट्यलेखनासाठी ओळखले जाते. तिथले नाटक आपल्याला आवडेलच असे नाही, पण संहितेवर कसून काम झालेले असते, एवढा भरवसा मी ठेवतो. समरहॉल ही इमारत म्हणजे २०११ पर्यंतचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथे धाडसी, रूपाशी खेळणारी आणि युरोपातून आलेली कामे जास्त असतात. तिथल्या शरीरशास्त्राच्या जुन्या व्याख्यानगृहात एकदा तरी बसावे. लाकडी बाकांच्या उभ्या चढत्या रांगा आणि खाली अगदी लहानशी मोकळी जागा, जिथे एके काळी जनावरांचे विच्छेदन दाखवत असत. त्या जागेत नट उभा राहिला की प्रेक्षकाची नजर आपोआपच खाली, टेबलावर ठेवलेल्या वस्तूकडे पाहिल्यासारखी पडते. चांगले दिग्दर्शक त्या उताराचा फार विचारपूर्वक उपयोग करून घेतात.

समरहॉलच्याच आवारात अनेक वर्षे पेन्स प्लाऊ या नाट्यसंस्थेचे राउंडअबाउट नावाचे सुटे करून हलवता येणारे गोल नाट्यगृह उभे राहत आले आहे. त्यात १६८ प्रेक्षक चारी बाजूंनी बसतात आणि छतातच एलईडी दिवे बसवलेले असतात. माझ्या व्यवसायामुळे असेल, पण त्या जागेविषयी मला विशेष जिव्हाळा आहे. नेपथ्य जवळपास शून्य, नट दोन किंवा तीन, आणि प्रसंग बदलला हे केवळ छतातल्या प्रकाशाचा रंग व घेर बदलल्यावरून कळते. कमानी रंगमंचावर आयुष्य घालवलेल्या आपल्यासारख्या रंगकर्मींनी तिथले एखादे नाटक ठरवून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

प्लेझन्स, असेंब्ली, गिल्डेड बलून आणि अंडरबेली या चार मोठ्या व्यवस्थापनांकडे मिळून शेकडो कार्यक्रम असतात. तिथे स्टँडअप आणि विनोदी कार्यक्रमांचा भरणा अधिक असला तरी चांगले नाटकही सापडते. अंडरबेलीच्या काउगेटवरील जागा पुलाखालच्या दगडी तळघरांत आहेत. भिंतींना ओल असते, छत कमानीचे असते आणि वरून वाहनांचा आवाज अधूनमधून येतो. फीबी वॉलर-ब्रिज यांचा ‘फ्लीबॅग’ हा एकपात्री प्रयोग २०१३ मध्ये तिथल्याच एका तळघरात झाला आणि दूरदर्शन मालिका होऊन जगभर गेला तो त्यानंतर. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात किंवा पुण्याच्या सुदर्शन रंगमंचावर ज्यांनी नाटके पाहिली आहेत त्यांना या जागा परक्या वाटणार नाहीत, मात्र श्वसनाचा त्रास असेल तर तळघरातले प्रयोग टाळलेले बरे.

जागा निवडताना नकाशावर पूर्ण विसंबू नये. एडिंबराचे जुने शहर दोन मजल्यांवर वसल्यासारखे आहे. जॉर्ज चौथा पूल आणि साउथ ब्रिज हे रस्ते नकाशावर काउगेटला छेदताना दिसतात, प्रत्यक्षात ते त्याच्या डोक्यावरून जातात. मोबाइल आपल्याला ‘पोहोचलात’ असे सांगतो तेव्हा रंगमंदिर कित्येक फूट खाली असते आणि तिथे उतरायला अरुंद बोळातल्या दगडी पायऱ्या शोधाव्या लागतात. पावसात त्या पायऱ्या निसरड्या होतात. समरहॉलपासून प्लेझन्सपर्यंत साधारण पंधरा मिनिटे लागतात, पण नव्या शहरातल्या जॉर्ज स्ट्रीटवरून समरहॉल गाठायचे तर अर्धा तास हवा. महोत्सवाच्या गर्दीत या वेळेत आणखी पाच-दहा मिनिटे धरावीत.

वेळेचे गणित इतके महत्त्वाचे का, हे पडद्यामागून पाहिल्यावर मला कळले. आमच्या खोलीत सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत आठ वेगवेगळे कार्यक्रम होत. दिवे महिन्याच्या सुरुवातीला एकदाच टांगलेले होते आणि सगळ्यांनी तेच वापरायचे होते. मला तालमीसाठी एकदाच चार तास मिळाले होते. आधीच्या मंडळींचे प्रेक्षक बाहेर पडल्यापासून आमचे प्रेक्षक आत येईपर्यंत दहा मिनिटे हाताशी असत आणि तेवढ्यात त्यांचे सामान बाहेर काढून आमचे आत न्यायचे असे. आमचे नेपथ्य म्हणजे एक लाकडी खुर्ची, एक पत्र्याची ट्रंक आणि दोरीवर वाळत घातलेली एक साडी. प्रयोग नसताना हे सगळे जिन्याखालच्या कोपऱ्यात दुसऱ्या कोणाच्या तरी बाहुल्यांच्या पेटीवर ठेवलेले असे. आम्ही तीन मिनिटे उशिरा संपवले तर नंतरच्या पाच मंडळ्यांचे वेळापत्रक बिघडत असे. म्हणूनच इथे बहुतेक प्रयोग पन्नास ते साठ मिनिटांचे असतात, मध्यंतर नसते, तिसरी घंटा नसते आणि प्रयोग सुरू झाल्यावर उशिरा आलेल्याला बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत, तिकिटाचे पैसेही परत मिळत नाहीत. जागा सहसा क्रमांकाच्या नसतात; रांगेत जो पुढे तो पुढे बसतो. यासाठी दोन प्रयोगांमध्ये किमान दीड तास ठेवावा आणि ठिकाण बदलत असेल तर दोन तास.

एवढे अंतर ठेवण्याचे दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. २०१३ मध्ये मी असेंब्ली हॉलमध्ये याएल फार्बर यांचे ‘निर्भया’ पाहिले. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेवर आधारलेल्या त्या प्रयोगात कलाकार स्त्रिया स्वतः सोसलेल्या अत्याचारांविषयी स्वतःच्या तोंडून बोलत होत्या. आणि मी अननुभवीपणे, तो संपल्यापासून वीस मिनिटांनी सुरू होणाऱ्या एका विनोदी कार्यक्रमाचे तिकीट काढून ठेवले होते. तिथे जाऊन बसलो, आजूबाजूचे लोक हसत होते आणि मला त्यातला एकही शब्द ऐकू येत नव्हता. त्या विनोदी नटावर मी अन्याय केलाच, पण आधी पाहिलेल्या नाटकावरही केला, कारण ते मनात उतरायच्या आत मी उठून धावलो होतो. मैफलीत भैरवी झाल्यावर पुन्हा बडा ख्याल लावत नाहीत. तसे इथे कोणते नाटक त्या दिवसाची भैरवी ठरू शकेल याचा अंदाज विषयावरून घ्यावा आणि त्याच्यानंतर त्या दिवशी काहीही ठेवू नये.

आता ‘सर्व प्रकारचे थोडे थोडे’ या आपल्या इच्छेकडे वळतो. महोत्सवाच्या यादीत नाटक, विनोद, नृत्य-देहनाट्य-सर्कस, संगीत, संगीतिका, कॅबरे, बालनाट्य, कथन असे विभाग असतात आणि प्रत्येक विभागातून एकेक उचलले की विविधता साधली असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. नाट्यविभागातले एकपात्री, कथनविभागातली आठवण आणि विनोदविभागातले आत्मकथनपर स्टँडअप या तिन्हींत एकच माणूस माइकसमोर किंवा माइकशिवाय स्वतःच्या आईविषयी बोलत असतो, असे मी एका दिवसात ओळीने तीनदा अनुभवले आहे. तिन्ही चांगले होते, पण संध्याकाळी कोणाची आई कोणती हे सांगता येईना. एकपात्री प्रयोगांचा इथे सुकाळ आहे, कारण प्रवास, राहणे आणि जागेचे भाडे पाहता एका नटाचाच खर्च झेपतो.

मी निवडताना मनाशी वेगळे प्रश्न विचारतो. रंगमंचावर माणसे किती आहेत? प्रयोग शब्दावर उभा आहे, शरीरावर की वस्तूंवर? प्रेक्षक वीस आहेत की पाचशे? मंडळी कुठून आली आहेत? आणि यातले असे काही आहे का, ज्याचे तिकीट मी माझ्या गावात कधीच काढले नसते? एका दिवसातल्या तीन प्रयोगांची उत्तरे जितकी निराळी, तितका तो दिवस लक्षात राहतो. आपल्या दोघांचे एक-एक स्वतंत्र तिकीटही असावे असे मी सुचवीन. एका दुपारी आपण एक प्रयोग पाहावा, त्यांनी दुसरा, आणि नंतर एकमेकांना तो सांगावा. नाटक दुसऱ्याला सांगताना आपण काय पाहिले हे आपल्यालाही कळत जाते.

एक दिवस कसा लावता येईल ते सांगतो. ट्रॅव्हर्समध्ये सकाळी दहापासून प्रयोग असतात आणि मन ताजे असताना शब्दप्रधान नवे नाटक पाहणे सर्वांत चांगले. मात्र तिथे एकच नाटक रोज वेगवेगळ्या वेळी लागते आणि सोमवारी बहुधा सुट्टी असते, म्हणून तारीख आणि वेळ दोन्ही तपासावीत. नाटक संपल्यावर किल्ल्याच्या पायथ्याने ग्रासमार्केटकडे चालत यावे, तिथे जेवून घ्यावे आणि दुपारी तिथल्याच डान्स बेस या नृत्यकेंद्रात एखादा नृत्यप्रयोग पाहावा. सकाळच्या दीड तासाच्या शब्दांनंतर शब्द नसलेला हा तास डोळ्यांना आणि कानांना विसावा देतो. मग कँडलमेकर रोने चढून मेडोज या मोठ्या मैदानावर जावे. तिथे महोत्सवकाळात सर्कशीचे तंबू असतात. तिथली सर्कस म्हणजे जनावरांची सर्कस नव्हे, देहाच्या कौशल्यातून गोष्ट सांगणाऱ्या मंडळ्या असतात, आणि माझ्या मते आपल्याकडच्या नाट्यरसिकाला सर्वांत अनोळखी असलेला हाच प्रकार आहे. संध्याकाळचा प्रयोग तिथे किंवा शेजारच्या समरहॉलमध्ये घ्यावा. ऑगस्टच्या मध्याला रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे परत चालत येणे त्रासाचे नाही. हे सगळे मार्ग उतार-चढाव सांभाळून एकाच दिशेने पुढे जातात, शहर पुन्हा पुन्हा ओलांडावे लागत नाही.

इंग्रजीबद्दलची आपली शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर कार्यक्रमागणिक बदलते. स्टँडअपमध्ये बोलण्याचा वेग, ब्रिटिश राजकारण, दूरदर्शनवरची माणसे, गावागावांतले हेवेदावे यांचे संदर्भ इतके असतात की इंग्रजी उत्तम असूनही निम्मे विनोद निसटतात. त्यात नट ग्लासगोचा असेल तर उच्चारांशी कान जुळायलाच पंधरा मिनिटे जातात. म्हणून स्टँडअपचा एकच कार्यक्रम घ्यावा, तो चौथ्या दिवशी घ्यावा, आणि शक्य तर मुलीला बरोबर न्यावे. स्कॉटिश उच्चार सावकाश ऐकायचे असतील तर हाय स्ट्रीटवर स्कॉटिश स्टोरीटेलिंग सेंटर आहे. तिथले कथाकथनकार थांबून, प्रेक्षकांकडे पाहून गोष्ट सांगतात, आणि कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला ती लय लगेच आपलीशी वाटते. काही प्रयोगांना पडद्यावर संवादांची अक्षरे दाखवतात, यादीत तशी खूण असते. आणि भाषेची भीती फार बाळगू नये. १९८७ मध्ये याच महोत्सवात रतन थिय्याम यांच्या ‘चक्रव्यूह’ला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला, तो प्रयोग मणिपुरी भाषेतला होता.

फ्रिंज फर्स्ट हा पुरस्कार ‘द स्कॉट्समन’ हे वृत्तपत्र १९७३ पासून नव्या नाट्यलेखनासाठी देत आले आहे आणि तो महोत्सव चालू असतानाच दर आठवड्याला जाहीर होतो. आपण दुसऱ्या आठवड्यात जात आहात, म्हणजे पहिली यादी आलेली असेल. त्यातले एखादे नाव आपल्या मोकळ्या जागेत बसवावे, पण तिकीट लगेच काढावे, कारण यादीनंतर ते प्रयोग भराभर भरतात. वृत्तपत्रीय परीक्षणांचे इथे वजन आहे. टॉम स्टॉपर्ड यांचे पहिले गाजलेले नाटक १९६६ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी फ्रिंजमध्ये केले, एका समीक्षकाने त्याची ठळक दखल घेतली आणि पुढच्याच वर्षी ते लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये उभे राहिले. परंतु परीक्षणांसोबत गुणांसारख्या दिल्या जाणाऱ्या ताऱ्यांवर मात्र जपून विश्वास ठेवावा. वृत्तपत्रांखेरीज अनेक लहानमोठी नियतकालिके आणि संकेतस्थळे तारे देतात आणि चार तारे नसलेली जाहिरात दुसऱ्या आठवड्यापासून जवळपास दिसतच नाही. मी तारे मोजत नाही, परीक्षणातली दोन वाक्ये वाचतो. प्रयोगात प्रत्यक्ष काय घडते हे त्यात लिहिलेले असेल तर ते परीक्षण कामाचे. नुसतीच विशेषणे असतील तर सोडून द्यावे.

रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावर आपल्याला दर चार पावलांवर कोणी तरी पत्रक देईल. पोस्टकार्डाएवढा जाड, गुळगुळीत कागद असतो. पहिल्या आठवड्यात त्यावर तारे नसतात. परीक्षण छापून आले की त्याच रात्री मंडळी बसून बारीक कापलेली ताऱ्यांची पट्टी प्रत्येक पत्रकावर स्टेपलरने टाचतात. आम्हीही एका रात्री चारशे पत्रकांवर पट्ट्या टाचल्या होत्या आणि अंगठ्याला पडलेला घट्टा पुढचा आठवडाभर राहिला होता. पत्रक देणारा स्वतः नट असेल तर त्याला जरूर थांबवावे आणि एकच प्रश्न विचारावा: “तुमच्या प्रयोगाच्या पहिल्या पाच मिनिटांत काय होते?” ज्याला आपल्या कामाची नीट जाण आहे तो दोन वाक्यांत डोळ्यांसमोर चित्र उभे करतो. विषय किती ज्वलंत आहे हेच जो सांगत राहतो त्याचा प्रयोगही बहुधा तसाच असतो. या एका प्रश्नावर मी आजवर घेतलेले निर्णय परीक्षणांवर घेतलेल्या निर्णयांपेक्षा जास्त वेळा बरोबर ठरले आहेत.

मोकळी ठेवलेली चौथी जागा याच कामासाठी आहे. चार दिवसांत एकदा तरी असा प्रयोग पाहावा, ज्याच्याविषयी कोणी काही लिहिलेले नाही. माझ्या चौथ्या वारीत पाऊस चुकवायला मी एका तळघरात शिरलो. आम्ही सात प्रेक्षक होतो. पन्नाशीतली एक कलाकार बाई पत्र्याच्या टेबलामागे उभी होती, टेबलावर पाण्याचा काचेचा पेला आणि हातात साधी बॅटरी. वडील दीपगृहाचे रक्षक होते, त्यांच्याबद्दल ती बोलत होती. बोलता बोलता तिने खोलीतला दिवा मालवला, बॅटरी पेल्याच्या खाली धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पेल्याच्या काठाला हलकेच टिचकी मारली. छतभर समुद्र हलू लागला. ती टिचकी देत राहिली, लाटा लहानमोठ्या होत राहिल्या, आणि वडिलांच्या शेवटच्या आजाराबद्दल सांगताना तिने बोट थांबवले तेव्हा ते पाणी हळूहळू स्थिर होत गेले. मी पंचवीस वर्षे दिव्यांवर काम करतो आहे. लाखो रुपयांच्या यंत्रणेतून जे साधत नाही ते मी त्या दिवशी एका पेल्यातून घडताना पाहिले. नेपथ्य नाही किंवा दिवे मोजके आहेत म्हणून कोणताही प्रयोग दुय्यम समजू नये, हे मी तिथे कायमचे शिकलो.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांचे पूर्वप्रयोग स्वस्त असतात आणि पहिल्या सोमवारी-मंगळवारी अनेक कार्यक्रमांना एका तिकिटावर दोघांना प्रवेश मिळतो, पण आपण दुसऱ्या आठवड्यात जाणार असल्याने या सवलती सापडतीलच असे नाही. पबच्या मागच्या खोल्यांत चालणारे ‘फ्री फ्रिंज’चे कार्यक्रम तिकिटाविना असतात. ते संपल्यावर दारात कलाकार बादली घेऊन उभा राहतो आणि आपण मनाला येईल ते त्यात टाकायचे असते. ‘फ्री’ या शब्दावर जाऊन रिकाम्या हाताने बाहेर पडू नये. कार्यक्रम बरा वाटला असेल तर छोट्या तिकिटाइतकी रक्कम टाकावी, कारण बहुतेक कलाकार पदरचे पैसे घालून तिथे आलेले असतात.

एखादा प्रयोग फसलेला निघेल, कदाचित दोन निघतील. वीस माणसांच्या खोलीत उठून जाऊ नये. तिथे रिकामी झालेली खुर्ची नटाला दिसते आणि लागते. तास संपेपर्यंत बसावे आणि नेमके कुठे बिनसले हे शोधत राहावे. संहिता लांबली, जागा चुकली की नटाला स्वतःच्या कथेपासून अंतर ठेवता आले नाही? आपण दोघेही काम केलेले आहात, आपल्याला हे दिसेल आणि पुढच्या तालमीत उपयोगी पडेल. प्रत्येक प्रयोगानंतर लगेच वहीत तीन ओळी लिहाव्यात, एक दिसलेल्या गोष्टीची, एक ऐकलेल्या वाक्याची आणि एक न समजलेल्या जागेची. मोबाइलमध्ये टिपण काढले तर पुढच्या प्रयोगाची वेळ पाहण्यात ते राहून जाते. छत्रीपेक्षा टोपी असलेले पावसाळी जाकीट बरे, कारण तिथला वारा छत्री उलटी करतो आणि ओली छत्री घेऊन अरुंद रांगेत बसता येत नाही.

आधी कोणती तिकिटे काढावीत हे शेवटी सांगतो. निघण्यापूर्वी ट्रॅव्हर्सचे एक, राउंडअबाउट तिथे असेल तर तिथले एक, सर्कशीचे एक आणि परदेशी मंडळीच्या नृत्याचे किंवा देहनाट्याचे एक, एवढी चार तिकिटे काढून प्रत्येक दिवसाला एकेक कणा द्यावा. उरलेले प्रयोग तिथे पोहोचल्यावर, आदल्या रात्री ठरवावेत. चौथ्या दिवशी दुपारची एक वेळ मात्र आधी पाहिलेल्या, सर्वांत आवडलेल्या प्रयोगाला पुन्हा जाण्यासाठी ठेवावी. पहिल्या वेळी आपण गोष्ट पाहतो. दुसऱ्या वेळी नट कुठे थांबतो, प्रकाश कधी उतरतो, निराळ्या प्रेक्षकांपुढे कोणते वाक्य बदलते हे दिसू लागते, आणि स्पर्धेच्या रंगमंचावर वर्षे घालवलेल्या माणसाला त्यातून जे मिळेल ते आणखी एका नव्या प्रयोगातून मिळणार नाही. त्या रात्रीचे स्टँडअप संपवून ग्लासगोला परतणार असाल, तर वेव्हर्ली स्थानकातून क्वीन स्ट्रीटची गाडी साधारण पन्नास मिनिटांत पोहोचवते. पण शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळीच पाहून ठेवावे आणि कार्यक्रम स्थानकाच्या जवळचाच निवडावा.